२,१४,७४,८३,६४७ : यूट्यूबचा काउंटर, २०३८ ची धास्ती आणि ऑयलरची मूळ संख्या, सगळं या एकाच आकड्यात कसं?

डिसेंबर २०१४ ची गोष्ट. कोरियन गायक साय याचं ‘गंगनम स्टाइल’ तेव्हा यूट्यूबवर सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं गाणं होतं. त्याचे व्ह्यूज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेले आणि बातमी आली की या गाण्याने यूट्यूबचा काउंटरच मोडला. खरं तर काउंटर मोडला नव्हता. हे होणार, याचा अंदाज यूट्यूबच्या इंजिनीअर्सना काही महिने आधीच आला होता आणि त्यांनी सिस्टीम बदलून ठेवली होती. पण त्या बातमीमुळे हा आकडा गणिताच्या पुस्तकाबाहेरच्या लोकांच्या नजरेत भरला.

दोन अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७.

तुम्ही जीटीए फाइव्ह खेळत असाल, तर स्टोरी मोडमध्ये एका कॅरेक्टरकडे जास्तीत जास्त एवढेच पैसे जमतात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डेटाबेस बनवला असेल, तर कदाचित हा अनुभवही आला असेल की वेगवेगळे मोबाइल नंबर भरले, पण टेबलमध्ये सगळ्यांसमोर हा एकच नंबर दिसतोय. आणि १९ जानेवारी २०३८ या तारखेबद्दलचे रील्स पाहिले असतील, तर त्यांच्या मुळाशीही हाच आकडा आहे.

या आकड्याची आणखी एक ओळख आहे. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. ९५ वर्षं ती जगातली सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

मग प्रश्न पडतो की कॉम्प्युटरची मर्यादा नेमकी एका मूळ संख्येवर का येते? या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की हा निव्वळ योगायोग? तेच समजून घेऊ.

हा आकडा येतो कुठून?

कॉम्प्युटर आकडे ० आणि १ या दोनच चिन्हांत लिहितो. अशा एका चिन्हाच्या जागेला बिट म्हणतात. तीन बिट असतील, तर त्या जागांच्या किमती ४, २ आणि १ असतात. तिन्ही जागी १ लिहिला की बेरीज होते ७. म्हणजे तीन बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा ७, आणि ७ म्हणजे ८ वजा १. आठ हा २ चा तिसरा घात.

हेच ३१ बिटसाठी करा. सगळ्या ३१ जागी १ लिहिला की येणारा आकडा असतो २ चा ३१ वा घात वजा १. तोच हा २,१४,७४,८३,६४७.

पण ३१ च बिट का? अनेक वर्षं बहुतेक कॉम्प्युटर एक पूर्णांक साठवायला ३२ बिट वापरत आले. त्यातला एक बिट आकडा धन आहे की ऋण हे सांगण्यात जातो. उरतात ३१.

या मर्यादेच्या पुढे १ मिळवला तर काय होतं? जुन्या गाडीच्या मीटरमध्ये ९९,९९९ नंतर सगळी शून्यं येतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे आकडा शून्यावर न येता थेट उणे २,१४,७४,८३,६४८ वर जाऊन पडतो. याला ओव्हरफ्लो म्हणतात. काही सॉफ्टवेअर उडी मारू देत नाहीत, ते आकडा मर्यादेपाशीच अडवून ठेवतात. मोबाइल नंबरचं तेच होतं. आपल्याकडचे नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे संख्या म्हणून पाहिलं तर किमान ६ अब्ज. साध्या ‘इंट’ कॉलममध्ये ते मावतच नाहीत. मायएसक्यूएलमध्ये कडक तपासणीचा मोड बंद असेल, तर ते प्रत्येक नंबर कापून २१४७४८३६४७ करून ठेवतं. म्हणूनच फोन नंबर आकडा म्हणून न साठवता मजकूर म्हणून साठवावा, असं शिकवतात.

आता गणिताकडे : २ चा घात वजा १

२ च्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी संख्या मूळ असेल, तर तिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७ या पहिल्या चार. मरँ मर्सेन हे १७ व्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. कोणते घात घेतले की मूळ संख्या मिळते, याची २५७ पर्यंतची यादी त्यांनी १६४४ मध्ये दिली. तिच्यात ३१ होता. पुढे त्या यादीत चुका सापडल्या. ६७ आणि २५७ हे घात चुकीचे निघाले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. त्यामुळे ‘यादीत आहे’ हा काही पुरावा नव्हता. ३१ चं काय, हे कुणीतरी सिद्ध करणं बाकी होतं.

एक नियम मात्र पक्का आहे. घातांक स्वतः मूळ नसेल, तर येणारी संख्या कधीच मूळ नसते. उदाहरणार्थ, २ चा १५ वा घात वजा १ म्हणजे ३२,७६७. आता १५ म्हणजे ३ गुणिले ५. म्हणून ३२,७६७ ला २ चा तिसरा घात वजा १, म्हणजे ७ ने भाग जातो. तसाच २ चा पाचवा घात वजा १, म्हणजे ३१ नेही जातो. करून बघा : ७ × ३१ × १५१ = ३२,७६७.

उलट मात्र खरं नाही. घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ असेलच असं नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २,०४७, आणि २,०४७ = २३ × ८९.

म्हणजे ३१ मूळ आहे एवढ्यावरून आपल्या आकड्याला फक्त संधी मिळते. बाकीचं काम करावंच लागतं.

दृष्टी गेलेल्या माणसाने केलेला हिशेब

ते काम केलं लिओनार्ड ऑयलर यांनी. १७७२ मध्ये बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही संख्या मूळ असल्याचं कळवलं. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते, वय ६० च्या पुढे होतं आणि दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती.

एखादी संख्या मूळ आहे का हे तपासायची शाळेतली पद्धत आठवा. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा. या आकड्याचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. हाताने तेवढे भागाकार करायचे तर जन्म जायचा नाही, पण जीव नक्की जाईल.

ऑयलरने काम करण्याआधी काम कमी केलं. कसं, ते २,०४७ वरून बघू. तिचा एक विभाजक २३. आता २ चे घात एकामागून एक घेऊन त्यांना २३ ने भाग द्या आणि फक्त बाकी लिहा :

२, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १.

अकराव्या पायरीला बाकी १ आली. इथून पुढे पुन्हा २, ४, ८ असं चक्र सुरू होणार. हे चक्र ११ पायऱ्यांचं आहे. फर्मा यांचा एक नियम सांगतो की अशा चक्राच्या पायऱ्यांनी ‘विभाजक वजा १’ ला नेहमी पूर्ण भाग जातो. इथे २३ वजा १ म्हणजे २२, आणि २२ ला ११ ने भाग जातो. दुसरा विभाजक ८९. त्यातून १ वजा केला की ८८, त्यालाही ११ ने भाग जातो.

आपल्या आकड्यासाठी हेच चक्र ३१ पायऱ्यांचं असणार. म्हणजे त्याला कोणत्याही मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या संख्येतून १ वजा केल्यावर उरणारी संख्या ३१ च्या पटीत हवी. शिवाय ती संख्या विषम असल्याने १ वजा केल्यावर सम संख्या उरते. म्हणून ती ६२ च्या पटीत हवी. एका झटक्यात बहुतेक उमेदवार बाद.

दुसरी चाळणी अशी की या विभाजकाला ८ ने भाग दिला, तर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की नियम मिळतो : २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायला हवी. ४६,३४० पर्यंत शोधलं, तर अशा संख्या, ६३ स्वतः सोडून, फक्त ३७२ आहेत. त्यातल्या ज्या मूळ नाहीत त्या गाळल्या की शंभरापेक्षाही कमी उरतात.

उरलेल्यांपैकी एकानेही भाग गेला नाही. संख्या मूळ ठरली. त्याआधीचा विक्रम ६७,००,४१७ या मूळ संख्येचा होता आणि तीही ऑयलरनेच ४० वर्षांपूर्वी शोधलेली होती. नवा विक्रम १८६७ पर्यंत टिकला.

‘याच्या पुढे कोण जाणार?’

प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागे एक परिपूर्ण संख्या येते. स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण. ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. तसंच २८ चं : १ + २ + ४ + ७ + १४.

आपला आकडा ही आठवी मर्सेन मूळ संख्या आहे. तिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते : २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८.

इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये या संख्येबद्दल लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. त्यामुळे कुणी त्या खटाटोपात पडेल असं त्यांना वाटत नव्हतं.

हा अंदाज साफ चुकला. १८७६ मध्ये ल्युका यांनी ३९ आकडी मर्सेन मूळ संख्या सिद्ध केली. कॉम्प्युटर आल्यावर तर शर्यतच लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या जाहीर झाली : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. आपला आकडा दहा अंकी.

एक गंमत अजून. आपल्या आकड्याचा घातांक ३१ हा स्वतःसुद्धा मर्सेन मूळ संख्या आहे. अशा दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत आणि आपला आकडा त्यातला तिसरा. मग हाच आकडा घातांक म्हणून वापरला तर? २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात वजा १ ही संख्या लिहायला ६४ कोटींहून जास्त अंक लागतील. तरीही ती मूळ नाही हे पक्कं माहीत आहे, कारण तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. या विभाजकातून १ वजा करा, उरलेली संख्या आपल्या आकड्याच्या दुपटीच्या बरोबर ६८,७४५ पट भरते. अडीचशे वर्षांपूर्वीची ऑयलरची चाळणी इथेही लागू पडते.

मग कॉम्प्युटरची मर्यादा मूळ संख्येवरच का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. याचं सरळ उत्तर : मर्यादा मूळ असण्याची कॉम्प्युटरला काहीही गरज नाही.

८ बिटच्या पूर्णांकात चिन्हाचा बिट सोडून ७ उरतात, मर्यादा १२७. ही मूळ आहे. १६ बिटमध्ये १५ उरतात, मर्यादा ३२,७६७. ही मूळ नाही, तिचे तुकडे आपण वर पाहिले. ३२ बिटमध्ये ३१ उरतात, मर्यादा आपला आकडा, मूळ. ६४ बिटमध्ये ६३ उरतात आणि मर्यादा येते ९२२३३७२०३६८५४७७५८०७. ही मूळ नाही, तिला ७ ने भाग जातो. यूट्यूबने २०१४ मध्ये व्ह्यूजसाठी हीच नवी मर्यादा घेतली. काउंटरचं काहीही बिघडलं नाही.

म्हणजे व्ह्यूज थांबतात ते ३१ जागा भरल्या म्हणून. आकडा मूळ निघतो तो ३१ मूळ आहे आणि नशिबाने ऑयलरच्या चाळणीतून कुणी वाचलं नाही म्हणून. दोन्हीचं मूळ २ च्या घातात आहे, पण एक दुसऱ्याचं कारण नाही.

जिथे मूळ असण्याचा खरंच उपयोग होतो

एक जागा मात्र अशी आहे जिथे या आकड्याचं मूळ असणं कामाला येतं. ती म्हणजे कॉम्प्युटरने ‘रँडम’ आकडे तयार करणं.

साधी पद्धत अशी : एक आकडा घ्या, त्याला ठरलेल्या गुणकाने गुणा, मग ठरलेल्या संख्येने भाग देऊन बाकी घ्या. ती बाकी म्हणजे पुढचा आकडा. छोटं उदाहरण बघा. गुणक ३ आणि भाजक ७ घेतला, तर १ पासून निघून १, ३, २, ६, ४, ५ असे सहाही आकडे येतात आणि मग चक्र पुन्हा सुरू होतं. भाजक ७ ऐवजी ८ घेतला, तर १, ३, १, ३ एवढ्यावरच गाडी अडकते. भाजक मूळ असेल आणि गुणक नीट निवडला असेल, तरच शून्य सोडून सगळे आकडे येऊन जातात.

१९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी या पद्धतीचा एक किमान दर्जा सुचवला. त्यात भाजक होता आपला आकडा आणि गुणक १६,८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात. यात २,१४,७४,८३,६४६ वेगवेगळे आकडे येऊन गेल्यावरच चक्र पूर्ण होतं. सी प्लस प्लसच्या लायब्ररीत ही पद्धत आजही आहे. पण ओटीपी किंवा पासवर्डसाठी ती वापरायची नसते, कारण एक आकडा कळला की पुढचे सगळे काढता येतात.

आणि २०३८ चं काय?

आता धास्तीचा भाग. अनेक सिस्टीम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले या हिशेबाने. ही मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेची. हा सेकंदांचा आकडा ३२ बिटमध्ये ठेवला असेल, तर तो भरतो १९ जानेवारी २०३८ ला पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी. भारतात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. वार मंगळवार. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होईल आणि अशा सिस्टीमला तारीख दिसेल १३ डिसेंबर १९०१.

जगातले सगळे कॉम्प्युटर त्या क्षणी बंद पडतील का? नाही. आजचे बहुतेक फोन आणि लॅपटॉप वेळेसाठी ६४ बिट वापरतात आणि तो हिशेब जवळपास २९,२०० कोटी वर्षं पुरतो. लिनक्सच्या ५.६ या २०२० मधल्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या मशीनसाठीही सोय झाली आहे. खरी काळजी आहे ती जुन्या, कुणी अपडेट न करणाऱ्या गोष्टींची : कारखान्यातली नियंत्रण यंत्रं, जुनी राउटर, वर्षानुवर्षं तसेच चालू असलेले डेटाबेस. मायएसक्यूएलमधला ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार तर आजही त्याच सेकंदापर्यंतची तारीख साठवतो.

आणि अडचण यायला २०३८ उजाडावंच लागतं असं नाही. २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता मोजणारं सॉफ्टवेअर २०१८ पासूनच त्या तारखेच्या पलीकडे बघतंय.

असे प्रकार आधी घडलेही आहेत. २०१७ मध्ये चेस डॉट कॉमवरच्या डावांचा क्रमांक या आकड्याच्या पुढे गेला आणि जुन्या ३२ बिट आयपॅडवर त्यांचं ॲप चालेनासं झालं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ बद्दल सूचना काढली की विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनरेटर नियंत्रित करणारे भाग एकदम बंद पडू शकतात. हा दोष प्रयोगशाळेतल्या चाचणीत सापडला होता, उडत्या विमानात नाही. २४८ दिवस म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलं तर जवळजवळ आपलाच आकडा, म्हणून जाणकारांनी लगेच बोट त्याच्याकडे दाखवलं. तात्पुरता उपाय साधा होता : त्याआधी एकदा वीज बंद करून पुन्हा चालू करायची. (ऑयलरच्या चाळणीतही २४८ होता, पण हा मात्र शंभर टक्के योगायोग. रील बनवायचा मोह टाळा.)

थोडक्यात काय?

बार्लो यांना ही संख्या कुतूहलापुरती वाटली होती. आज ती व्ह्यूज, गेममधले पैसे, डेटाबेस आणि घड्याळ अशा सगळीकडे आहे, पण बहुतेक ठिकाणी तिचं मूळ असणं कामाचं नाही, ३१ बिटचं भरणं महत्त्वाचं आहे. त्यामुळे पुढच्या वेळी कुठे अचानक २१४७४८३६४७ दिसला, तर त्यात गूढ शोधू नका. कुणीतरी ३२ बिटच्या डब्यात त्याहून मोठं काहीतरी कोंबलंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो डबा तुमच्याच प्रोजेक्टमधला असेल, तर तो आत्ताच बदला. २०३८ च्या त्या मंगळवारची वाट बघू नका.